संमोहनात मेंदूच्या लहरी कशा मोजतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मिरजेत ईईजीच्या (मेंदूच्या विद्युत लहरींची नोंद घेणाऱ्या तपासणीच्या) खोलीत तंत्रज्ञ म्हणून काम करतो. मानसोपचारतज्ज्ञ शेजारी बसून संमोहन देतात, मी पट्टी काढतो. (ईईजीच्या आलेखाला इकडे सगळे पट्टीच म्हणतात, कागद जाऊन पडदा आला तरी.) जतपासून कराडपर्यंतची माणसं फोनवर आणि मेसेजवर जे प्रश्न विचारत असतात, ते एका जागी आणले आहेत. एकाचं उत्तर दुसऱ्यात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. संमोहन चालू असताना ईईजी काढतात म्हणजे नेमकं काय मोजतात?

मेंदूच्या वरच्या थरातल्या असंख्य पेशी एका लयीत काम करू लागल्या की त्यांच्या विद्युतदाबाचा बारीकसा चढउतार कवटी ओलांडून डोक्याच्या कातडीपर्यंत पोचतो. तो चढउतार टिपायचा, एवढंच. हा दाब फार कमी असतो. कार्डिओग्राममधला हृदयाचा ठोका साधारण १ मिलिव्होल्टचा, तर मेंदूची लहर बहुतेकदा १० ते १०० मायक्रोव्होल्टची. त्यामुळे पापणी लवली, दात आवळले, आवंढा गिळला, तरी पट्टीवर त्याचाच गोंधळ जास्त दिसतो. या गोंधळाबद्दल प्रश्न ७ मध्ये सविस्तर लिहिलं आहे.

माणसाची पहिली ईईजी १९२४ साली जर्मनीतल्या येना गावी हान्स बर्गर या मानसोपचारतज्ज्ञाने काढली आणि १९२९ मध्ये ती छापून आली. गंमत म्हणजे हा गृहस्थ एका मनाचं दुसऱ्या मनाला कसं कळतं ते शोधायला निघाला होता. ते काही सापडलं नाही, सापडली ती अल्फा लहर. आजही कोणी ‘ईईजीमध्ये मनातले विचार दिसतात का’ असं विचारलं की मला बर्गर आठवतो. दिसत नाहीत.

२. अल्फा, थीटा, डेल्टा ही काय भानगड आहे?

लहर सेकंदाला किती वेळा वरखाली होते त्यावरून पाडलेले हे गट आहेत. ४ पेक्षा कमी असेल तर डेल्टा, ४ ते ८ थीटा, ८ ते १३ अल्फा, १३ ते ३० बीटा, त्यावर गॅमा. जागेपणी डोळे मिटून शांत बसलं की डोक्याच्या मागच्या भागात अल्फा ठळक दिसते आणि डोळे उघडले की दबते.

पण मेंदू एका वेळी एकच लहर काढतो असं नाही. मिरजेच्या माणसाला हे तंबोऱ्यावरून पटकन कळतं. तारा एकापाठोपाठ छेडल्या की सगळ्यांचा मिळून एकच झंकार होतो, तरी तयार कानाला त्यातला पंचम वेगळा आणि षड्ज वेगळा ऐकू येतो. संगणक तेच काम गणिताने करतो आणि कोणत्या वेगाची लहर किती जोरात आहे ते सांगतो. म्हणून ‘माझा मेंदू थीटात गेला’ हे बोलणं मुळातच ढोबळ आहे. थीटा वाढली किंवा कमी झाली, एवढंच म्हणता येतं.

३. संमोहन म्हणजे झोपच ना? पट्टीत झोप दिसते का?

नाही. आणि ईईजीने संमोहनाबद्दल एखादी गोष्ट अगदी खणखणीत सांगितली असेल तर ती हीच.

झोपेच्या खुणा ठरलेल्या आहेत. डुलकी लागताना अल्फा विरत जाते आणि बुबुळं आडवी, संथ फिरू लागतात. मग टाळूच्या मध्यावर टोकदार लहरी येतात. दुसऱ्या पायरीवर सेकंदाला ११ ते १६ च्या वेगाच्या छोट्या लहरींचे झुपके दिसतात, त्यांना स्पिंडल म्हणतात. गाढ झोपेत मोठमोठ्या डेल्टा लहरी. संमोहनातल्या माणसाच्या पट्टीत यातलं काही येत नाही. ती जागेपणाचीच पट्टी असते. तो ऐकत असतो, सांगितलेलं करत असतो, विचारलं तर उत्तर देतो.

आता अडचण अशी, की काही जण संमोहन चालू असताना खरोखरच झोपतात. दुपारची वेळ, जेवण झालेलं, पंखा चालू आणि समोरचा माणूस संथ आवाजात ‘अंग सैल सोडा’ म्हणतोय, झोप लागणारच. पट्टीत स्पिंडल दिसले की मी तज्ज्ञांना खूण करतो आणि तो तुकडा हिशोबातून वगळतात. पट्टी नसती तर घरी गेल्यावर ‘काय खोल संमोहन लागलं होतं, मला काहीच आठवत नाही’ असं सांगितलं गेलं असतं.

४. मग पट्टी बघून माणूस संमोहनात आहे की नाही ते सांगता येतं का?

फक्त पट्टी हातात दिली तर नाही. ‘ही संमोहनाची लहर’ असं बोट ठेवावं अशी खूण सापडलेली नाही.

एकेकाळी वाटत होतं की ज्याची अल्फा जास्त त्याला संमोहन पटकन लागतं. पुढे ते टिकलं नाही. लवकर संमोहित होणाऱ्यांमध्ये थीटा जास्त असते, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलं. पण काहींच्या बाबतीत ती संमोहन सुरू होण्याआधीच जास्त होती आणि काही अभ्यासांत फरकच आढळला नाही. गॅमाबद्दलचे निष्कर्ष तर एकमेकांशी जुळतच नाहीत. शिवाय शांत बसणं, प्रार्थना करणं, डोळे मिटून कल्पना करणं यांतही अल्फा आणि थीटा वरखाली होतात.

माझं मत विचाराल तर प्रश्नच चुकीच्या टोकाने विचारला जातो. संमोहनात माणूस काय करतोय यावर पट्टी ठरते. हात जड झालाय अशी सूचना असेल तर एक चित्र, समोरचा रंग दिसत नाही अशी असेल तर दुसरं. सूचनेनुसार काय बदललं ते शोधलं तर हाती काहीतरी लागतं (प्रश्न ९). संमोहनाचा शिक्का शोधत बसलं तर लागत नाही. म्हणून ‘तुम्ही संमोहनात गेलात, हा बघा पुरावा’ म्हणत कोणी रंगीत आलेख विकत असेल, तर पैसे परत खिशात ठेवा.

५. शॉक बसतो का? दुखतं का?

नाही. यंत्र डोक्यात वीज सोडत नाही, डोक्याची वीज मोजतं. कातडी घासताना थोडी चुरचुर होते तेवढीच.

६. नोंद कशी घेतात? तयारी काय करून यायची?

आदल्या रात्री किंवा सकाळी शाम्पूने केस धुवा आणि नंतर तेल, जेल, डाय काहीही लावू नका. हे सांगूनही निम्मी मंडळी खोबरेल चोपडून येतात, कारण दवाखान्यात जायचं म्हणून आईने चापूनचोपून विंचरून दिलेलं असतं. तेलावर इलेक्ट्रोड (लहरी टिपणारी छोटी वाटी) धरत नाही.

खुर्चीत बसवल्यावर मी टेप घेतो. नाकाच्या मुळाशी, दोन भुवयांच्या मधल्या खोबणीपासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंतचं अंतर मोजतो. मग एका कानापासून टाळूवरून दुसऱ्या कानापर्यंत. या अंतरांचे १० आणि २० टक्क्यांचे भाग पाडून पेन्सिलीने खुणा करायच्या. १९५८ पासून जगभर हीच पद्धत आहे, म्हणून इथली पट्टी मुंबईच्या किंवा मॉन्ट्रियलच्या डॉक्टरलाही वाचता येते. डावीकडच्या जागांना विषम आकडे, उजवीकडच्या जागांना सम. प्रत्येक खुणेवरची कातडी खरखरीत जेलने हलकेच घासायची, पेस्ट भरलेली वाटी बसवायची, वर कापसाचा बोळा. कातडी आणि वाटी यांच्यातला अडथळा ५ किलोओहमच्या खाली आला की मगच सुरुवात.

नुसत्या पट्टीला अर्धा तास पुरतो. संमोहनाबरोबर काढायची तर दीड-दोन तास हाताशी ठेवून या. सुरुवातीला डोळे उघडे, मग डोळे मिटून नुसतं शांत बसणं, मग संमोहन, आणि पुन्हा डोळे मिटून नुसतं बसणं. मधला ‘नुसतं बसणं’ हा भाग लोकांना कंटाळवाणा वाटतो, पण तो नसेल तर डोळे मिटल्याने झालेला बदल संमोहनाच्या नावावर जमा होतो.

७. एका ठिकाणी मला पट्टीतल्या मोठ्या लहरी दाखवून ‘हे बघा, तुम्ही खोल डेल्टात गेलात’ म्हणाले. ते खरं का?

लहरी कपाळाजवळच्या तारांमध्ये होत्या का ते आधी विचारा. बहुधा तुमचे डोळे होते ते.

बुबुळाची पुढची बाजू मागच्या बाजूच्या मानाने धन भाराची असते. डोळा फिरला की हा भार फिरतो आणि कपाळावरच्या इलेक्ट्रोडला तो मेंदूच्या लहरीपेक्षा मोठा दिसतो. आता संमोहनाची सुरुवात कशी करतात ते आठवा: ‘नजर वर, भुवयांच्या मध्ये लावा... पापण्या जड होताहेत... मिटताहेत.’ नजर वर गेली, पापण्या फडफडल्या, मिटताना बुबुळं आणखी वर सरकली. पट्टीवर कपाळाजवळ लांबलचक, डौलदार लाटा उमटतात. नवख्या माणसाला ती डेल्टाच वाटते. म्हणून डोळ्यांच्या बाजूला दोन जादा इलेक्ट्रोड लावतात. लाट डोळ्यांपाशी सर्वांत मोठी आणि मागे जाताना झपाट्याने लहान होत असेल तर ती मेंदूची नव्हे.

बाकीचे चोरही सांगून ठेवतो. एप्रिल-मेमध्ये सांगलीच्या उकाड्यात घामामुळे सगळ्या रेषा हळूहळू वरखाली डोलतात. त्याही डेल्टासारख्या दिसतात. घाबरून जबडा आवळला की कानशिलाजवळ दाट, काटेरी रेघ येते आणि तिला बीटा किंवा गॅमा समजलं जातं. विजेच्या वायरिंगचा गुंजारव बरोबर ५० च्या वेगाने येतो, इन्व्हर्टरवर गेलं की तो आणखी विचित्र होतो. मोबाइल बाहेर ठेवायला सांगतो ते उगाच नाही.

८. संमोहन सगळ्यांनाच लागतं का? आणि नाटक करणारा पट्टीत पकडला जातो का?

सगळ्यांना सारखं लागत नाही. ते मोजायला स्टॅनफर्ड विद्यापीठात १९५९ पासून मोजपट्ट्या तयार झाल्या. त्यातल्या एकीत १२ सूचना क्रमाने देतात. हात जड होऊन खाली येतोय, इथपासून सुरुवात. मग डास भुणभुणतोय, आणि पुढे नाकाशी अमोनिया धरून ‘वास येणार नाही’ इथपर्यंत. साधारण दहात एक-दोन जण जवळजवळ सगळ्यांना प्रतिसाद देतात, तेवढेच जण फारसा देत नाहीत, उरलेले मध्ये. यात हुशारी-मूर्खपणा किंवा मनाचा कमकुवतपणा यांचा संबंध नाही. अभ्यास करताना याच कारणासाठी दोन्ही टोकांची माणसं निवडून त्यांच्या पट्ट्या शेजारी ठेवतात.

नाटकाचं म्हणाल तर मार्टिन ऑर्न या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने त्यावर छान तोड काढली होती. न लागणाऱ्यांपैकी काहींना मुद्दामच सांगायचं, ‘संमोहित झाल्याचं सोंग करा.’ तपासणाऱ्याला कोण खरा, कोण सोंगाड्या ते माहीत नसतं. वागण्यात सोंगाडे इतके बेमालूम असतात की जाणकारही फसतात. नुसत्या अल्फा-थीटावरून तर तुमच्या शेजाऱ्याचं सोंग मीही ओळखू शकणार नाही.

९. म्हणजे ईईजीने काहीच सिद्ध झालेलं नाही?

झालंय, पण ते लहरींच्या गटांपेक्षा ठरावीक क्षणाच्या प्रतिसादात जास्त स्पष्ट दिसतं. पडद्यावर एखादं चित्र चमकलं की साधारण ३०० मिलिसेकंदांनी मेंदूत एक उंचवटा उमटतो, त्याला पी-३०० म्हणतात. एका चमकेने तो दिसत नाही. शंभरेक वेळा चित्र दाखवून सरासरी काढावी लागते. १९८५ मध्ये डेव्हिड स्पीगल आणि सहकाऱ्यांनी चांगलं संमोहन लागणाऱ्यांना सूचना दिली, की तुमच्या आणि पडद्याच्या मध्ये काहीतरी आडवं आलंय. त्यांचा पी-३०० खाली आला. न लागणाऱ्यांचा तसा आला नाही.

दुखण्याच्या बाबतीत ईईजीपेक्षा दुसऱ्या यंत्राचं, पेट स्कॅनचं काम अधिक ठळक आहे. १९९७ मध्ये मॉन्ट्रियलला पिएर रेनव्हिल यांच्या गटाने लोकांचे हात पोळेल इतक्या गरम पाण्यात बुडवले आणि ‘हे कमी त्रासदायक वाटेल’ किंवा ‘जास्त वाटेल’ अशा सूचना दिल्या. पाणी तेच, पण मेंदूच्या मधल्या भिंतीवरच्या पुढच्या सिंग्युलेट भागाचं काम सूचनेप्रमाणे वरखाली झालं. स्पर्श जाणणाऱ्या भागाचं तसं बदललं नाही. हा सिंग्युलेट भाग बराच आत आहे. डोक्यावरच्या वाट्यांना तिथलं नीट ऐकू येत नाही, ही ईईजीची मोठी मर्यादा. उलट वेगाच्या बाबतीत ईईजीचा हात धरणारं यंत्र क्वचितच. मिलिसेकंदातला बदल ती टिपते.

१०. मला फिट येते. संमोहनात ईईजी काढली तर चालेल का?

तुमच्या मेंदूविकारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय नको. आणि ‘पट्टी स्वच्छ यावी’ म्हणून फिटच्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका, ते जिवावर बेतू शकतं.

एक वेगळा प्रकारही आहे. काहींना फिटसारखे झटके येतात, पण त्या वेळी मेंदूत विजेचा वादळी उसळा नसतो. मूळ मनावरच्या ताणात असतं. व्हिडिओ आणि ईईजी एकत्र चालू ठेवून झटका टिपला तर हे कळतं: माणूस बेशुद्ध दिसतोय आणि पट्टीत जागेपणाची अल्फा. असा झटका समोर यावा म्हणून काही तज्ज्ञ संमोहनाची किंवा सूचनेची मदत घेतात. घरचे लगेच म्हणतात, ‘म्हणजे ढोंग करते.’ ढोंग नव्हे. तिच्या हातात ते नसतं. आणि एकाच माणसाला दोन्ही प्रकार असू शकतात, त्यामुळे निर्णय डॉक्टरांचा. दोन झटक्यांच्या मध्ये काढलेली पट्टी नॉर्मल आली म्हणून फिटचा आजार नाही, असंही होत नाही.

११. लहान मुलांची पट्टी वेगळी असते का?

हो. लहानपणी थीटा नैसर्गिकच जास्त असते, वय वाढेल तशी मागच्या भागातली लय जलद होत जाते. त्यामुळे पाच वर्षांच्या मुलाची थीटा मोठ्यांच्या तक्त्याशी ताडून ‘मूल सतत संमोहनात असतं’ म्हणणं हास्यास्पद आहे. मुलांना संमोहन मोठ्यांपेक्षा सहज लागतं, हे मात्र खरं. पालकांची संमती आणि पालक खोलीत, या दोन अटींशिवाय करू नये.

१२. कपाळाला लावायची पट्टी आणि मोबाइल अ‍ॅप घेऊन घरी मोजता येईल?

मोजता येईल, पण काय मोजलं ते कळणार नाही. दोन-चार इलेक्ट्रोड, तेही कपाळावर, म्हणजे जिथे डोळ्यांचा गोंधळ सर्वांत जास्त (प्रश्न ७). खेळणं म्हणून ठीक.

१३. जत्रेत एखाद्याच्या अंगात येतं. ते संमोहनच का? त्याची ईईजी काढता येईल?

घुमणाऱ्या, मान हलवणाऱ्या माणसाची उपयोगी ईईजी निघत नाही. मानेच्या आणि जबड्याच्या स्नायूंची वीज मेंदूच्या लहरींना गिळून टाकते. त्यामुळे ‘अंगात आल्यावर मेंदूत अमुक दिसलं’ असं कोणी सांगितलं तर नोंद कशी घेतली, हे आधी विचारा. दोन्हींत लक्ष एकाच गोष्टीवर खिळतं, भोवतालच्यांच्या अपेक्षेप्रमाणे वागणं घडतं, एवढं साम्य आहे. ढोल, गर्दी, उपास, रात्रभरचं जागरण हे संमोहनाच्या खोलीत नसतं.

आपल्याकडे हा विषय नाजूक आहे आणि त्याला इतिहासही आहे. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर मिरजेच्याच वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाले होते. २० ऑगस्ट २०१३ रोजी त्यांचा खून झाला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. त्या कायद्याचा रोख श्रद्धेवर नाही. अंगात शक्ती संचारल्याचं भासवून लोकांना भीती घालणं किंवा धमकावणं हा गुन्हा आहे.

१४. संमोहनात मागचा जन्म आठवतो म्हणे. आठवण खरी की खोटी ते पट्टीत कळतं का?

कळत नाही. खरी आठवण आणि मनाने रचलेलं ठसठशीत चित्र यांत फरक करणारी लहर नाही. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या १९८५ च्या अहवालातही हेच आहे, की संमोहनात काढलेल्या आठवणी साध्या आठवणींपेक्षा भरवशाच्या ठरत नाहीत. माणसाची खात्री मात्र वाढते, आणि धोका तिथेच आहे.

१५. पोलीस संशयिताला संमोहित करून ईईजी काढू शकतात का?

जबरदस्तीने नाही. ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूच्या विद्युत प्रतिसादाची चाचणी या तिन्ही संमतीशिवाय करायला मनाई केली. संमती असली तरी चाचणीचा निष्कर्ष स्वतःहून पुरावा ठरत नाही. त्यातून पुढे एखादी वस्तू सापडली, तर गोष्ट वेगळी. संमोहनाचं नाव त्या तिघांत नाही, पण स्वतःविरुद्ध बोलायला भाग पाडू नये हे तत्त्व तेच.

१६. डोळे उघडे असताना, हालचाल करताना संमोहन लागतं का?

लागतं. १९७६ मध्ये एव्हा बान्याई आणि अर्नेस्ट हिल्गार्ड यांनी लोकांना व्यायामाच्या सायकलवर पायडल मारायला लावून, ‘तुम्ही ताजेतवाने, सावध आहात’ अशा सूचनांनी संमोहित केलं आणि नेहमीच्या पद्धतीइतकाच प्रतिसाद मिळाला. संमोहन म्हणजे अंग सैल सोडणं आणि अल्फा वाढणं, हे समीकरण तिथेच मोडतं. पट्टी काढणाऱ्याची मात्र पंचाईत, कारण सायकलवरची पट्टी स्नायूंनीच भरून जाते.

१७. माझ्या पट्टीत अल्फा दिसतच नाही म्हणाले. मला संमोहन लागणार नाही का?

काही धडधाकट माणसांची अल्फा जन्मजातच पुसट असते. त्याचा संमोहन लागण्याशी संबंध जोडता येत नाही (प्रश्न ४ आणि ८).

१८. एकाच माणसाची दोन वेळची पट्टी वेगळी का येते?

कारण माणूस दोन्ही वेळा सारखा नसतो. अपुरी झोप झाली की डुलकीच्या खुणा वाढतात. कडक चहा-कॉफीने अल्फा थोडी दबते. झोपेच्या किंवा चिंतेच्या काही गोळ्यांनी बीटा ठळक होते. गोळ्या थांबवू नका, नावं मात्र लिहून आणा. भाषेचाही फरक पडतो. जतकडच्या एका आजींना मराठी सूचना कळत होत्या, पण हात काही जड होईना. त्यांच्या मुलीने तेच कन्नडमध्ये सांगितलं आणि हात सरळ मांडीवर आला. तेव्हापासून मी नावाखाली वय लिहितो तशी घरात बोलायची भाषाही लिहितो. पुन्हा पट्टी काढायची असेल तर वेळ तीच धरा आणि आदल्या रात्री किती झोपलात ते येताक्षणी सांगा.